गोलातली चांदणी

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात एक म्हण होती. माल साच्यात दाबून घडवणाऱ्या प्रेसवर कुणी घाई केली, एक हात साच्यात असताना दुसरा किल्लीकडे नेला, की शेजारचा ओरडायचा, "ए, सर्जेराव होऊ नको." जुनी माणसं गेली, नवी आली, म्हण राहिली. नव्यांपैकी निम्म्यांना सर्जेराव नावाचा खरा माणूस होता हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण प्रेस म्हणजे काय हे मी त्या माणसाकडून शिकले.

मी शुभदा मेहेंदळे, वय बासष्ट. यंत्रांच्या पोटातल्या छोट्या संगणकांना वागायची रीत शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि निवृत्त माणसाला जडणारा रोग मलाही जडला आहे. जुनं सगळं गोड आठवतं. त्या काळचा कॅन्टीनचा चहा पांचट होता हे मी परवापर्यंत विसरले होते.

तर २०४८ सालच्या भाद्रपदात तन्वी मगदूमचा फोन आला. तन्वी आता आमच्या कारखान्याची सुरक्षा-अधिकारी आहे. माणूस सरळ, बोलणं त्याहून सरळ.

"मॅडम, तुमच्या वेळचं एक कार्ड वाचलंय. त्यात एक अवस्था निघाली, जिचा आम्हाला अर्थच लागेना. कार्डातल्या नोंदींवरून यंत्र तीत वर्षातून एकदाच जायचं असं दिसतं. येता का?"

मी फोनवरच हसले. वर्षातून एकदा म्हणजे काय ते मला लगेच कळलं होतं.

हे 'कार्ड वाचणं' काय प्रकार आहे ते सांगायला हवं. यंत्राच्या आतल्या कार्डावरची चिप प्रत्येक अवस्थेत किंचित वेगळी वीज ओढते. थांबलेली असताना एक, वाट बघत असताना दुसरी, काम करताना तिसरी. फरक इतका बारीक, की पूर्वी तो मोजायची सोय नव्हती. सात-आठ वर्षांपूर्वी ती झाली. कार्डावर एक चपटी पेटी ठेवायची. पेटी चिपला हजारो खोटे इशारे देते, बटण दाबलं, दार उघडलं, वीज गेली, आणि दर इशाऱ्यानंतर तिची नाडी बघते. दोन दिवसांत त्या चिपच्या वागण्याचा संपूर्ण नकाशा कागदावर येतो. मूळ लिहिणारा मेला असो की त्याची कंपनी बुडालेली असो, नकाशा येतो. लोक त्या पेटीला 'नाडीवाला वैद्य' म्हणू लागले.

या वैद्याने बऱ्याच घरांत भांडणं लावली. कुठल्या लिफ्टचं दार मुद्दाम उशिरा उघडायचं, कुठला पाण्याचा पंप हमी संपल्यावर आपोआप दमायचा, सगळं बाहेर आलं. मग कायदा झाला, की वीस वर्षांपलीकडच्या प्रत्येक यंत्राचं आणि आवारातल्या प्रत्येक जुन्या कार्डाचं वाचन करून नकाशा सरकारकडे द्यायचा. तन्वी तेच करत होती.

मी रिक्षाने कुपवाडला गेले ती जुन्या दिवसांत रमतच.

मी पंचवीस वर्षांची असताना तिथे लागले. प्रेसच्या शेडमध्ये काम करणारी मी पहिली बाई. माणसं वाईट नव्हती, पण माझ्याशी बोलताना माझ्या चपलांकडे बघायची. सर्जेराव माने तेवढा सरळ डोळ्यांत बघून बोलायचा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, कवलापूरचा, प्रेसच्या आवाजावरून तेल किती तापलंय ते सांगणारा. पहिल्याच दिवशी त्याने मला बसायला जमिनीवर पोतं अंथरलं, हातात खडू दिला आणि म्हणाला, "मॅडम, कागदावर नगा काडू. हितं काडा, म्हंजे आमालाबी दिसंल."

मी त्या फरशीवर चौकोन काढले. यंत्राची एकेक अवस्था म्हणजे एकेक चौकोन, आणि एकातून दुसऱ्यात जायची वाट म्हणजे बाण. ही रीत नवी नव्हती, पण साधी रीत लवकरच घोटाळ्यात नेते. प्रेसचा वरचा ठोकळा, ज्याला रॅम म्हणतात, त्याच्या चार अवस्था. तेलाच्या दाबाच्या तीन. पुढे दोन खांबांमध्ये न दिसणाऱ्या उजेडाची जाळी असते, तिच्यात हात गेला की प्रेस थांबते. तिच्या दोन, मोकळी आणि अडलेली. सगळ्यांच्या जोड्या लावत बसलं तर चोवीस चौकोन होतात, आणि आणखी चार भाग आले की हजारावर जातात. म्हणून चौकोनात चौकोन काढतात, आणि एका चौकोनात तुटक रेघांनी पट्टे पाडतात. प्रत्येक पट्ट्यातला भाग आपापला, पण सगळे एकाच वेळी चालू.

हे मी पुस्तकी भाषेत सांगत होते. सर्जेरावाने मान हलवली आणि मागे उभ्या असलेल्यांना म्हणाला, "आरं, खोल्या हाईत ह्या. एका खोलीत म्हातारी निजलीया, दुसरीत पोरं पाडे म्हंत्यात, चुलीवर दूध हाय. घरात काय चाललंय म्हून कुणी इचारलं, तर तिन्ही सांगाय लागतंय." पुढे तीस वर्षं मी पॉलिटेक्निकच्या मुलांना हेच उदाहरण दिलं. माझ्या पुस्तकातही ते आहे. त्याचं नाव मात्र तिथे नाही.

आता ती वर्षातून एकदाची गोष्ट. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. सगळीकडे यंत्र बंद करून करतात. आमच्या मालकांच्या आईंना ते मान्य नव्हतं. "निजलेल्या देवाला कुणी ओवाळतं का?" असं त्यांचं म्हणणं. म्हणून पॅनेलचे दिवे लागलेले हवेत. दिवे लागले की जाळी जागी, आणि जाळीच्या खांबांना झेंडूच्या माळा. माळेची फुलं जाळीत लोंबली की भोंगा सुरू. आरतीभर भोंगा. पहिल्या वर्षी आम्ही सगळे हसलो, आई मात्र हसल्या नाहीत.

मग मी एक नवी अवस्था घातली. 'पूजा'. पॅनेलवरची किल्ली डावीकडे फिरवली की यंत्र 'चालू'च्या मोठ्या चौकोनातून बाहेर पडून 'पूजा'त जायचं. दिवे लागलेले, भोंगा गप्प, रॅम जागच्या जागी. किल्ली उजवीकडे फिरवली की परत. ही अवस्था कागदोपत्री कुठेच नव्हती. आमचे वरिष्ठ, टेंबे सर, म्हणाले होते, "तपासणीवाल्यांना पूजा कुठे समजवत बसता?"

परत येताना यंत्राने कुठे यायचं, हा प्रश्न होता. त्यासाठी नकाशात एक छोटा गोल काढतात, आत एच हे अक्षर. त्याचा अर्थ, मागे जिथे होतास तिथे परत जा. आम्ही त्याला आठवणीचा गोल म्हणायचो. पोळ्या लाटताना दारावर कुणी आलं तर बाई परत येऊन तीच अर्धी पोळी हातात घेते, पहिल्यापासून कणीक मळत नाही, तसं. साध्या गोलात फक्त बाहेरची मोठी खोली आठवते. एचवर एक चांदणी काढली, की आतल्या सगळ्या खोल्यांतलं, सगळ्या पट्ट्यांतलं जसंच्या तसं परत येतं.

"मॅडम, पूजेनंतर समदं पुन्यांदा लावाय लागतंय," सर्जेराव म्हणाला होता. "तेलाचा दाब, ठोक्याचं माप. अर्धा तास जातोय."

त्याचा अर्धा तास वाचावा म्हणून मी चांदणी काढली. त्या वर्षी त्याने मला झेंडूचं एक मोठं फूल आणि नारळाची अख्खी वाटी दिली होती.

तन्वीने पडद्यावर नकाशा लावला. माझ्या हातचे चौकोन, पट्टे, सगळं तसंच. चौतीस वर्षांपूर्वी मी फेकून द्यायला सांगितलेलं कार्ड शिपायाने फेकलं नव्हतं. लाल फडक्यात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवलं होतं, आणि दर खंडेनवमीला त्यालाही हळदकुंकू लागत होतं. चिपवर कुंकवाचा थर बसलेला.

"ही पूजेची अवस्था," मी कौतुकाने म्हणाले. तन्वीला आई, माळा, भोंगा सगळं सांगितलं. ती खूप हसली. मग तिने गोलावर बोट ठेवलं.

"आणि ही चांदणी? म्हणजे परत येताना जाळीचा पट्टासुद्धा जुनाच आठवायचा?"

मी चष्मा लावला आणि गोलातून निघणारा बाण बोटाने पुन्हा गिरवला.

२०१४ च्या खंडेनवमीला मालकांच्या आईंची कंबर वाकली होती. रॅमला कुंकू लावायला हात पोचेना. म्हणून आदल्या संध्याकाळी रॅम खाली येत असताना अर्ध्यावरच किल्ली डावीकडे फिरवून तो थांबवला. आईंनी सकाळी पूजा केली. आरती झाली, माळा उतरल्या. सर्जेराव डाव्या हाताने साच्यावरचं कुंकू आणि अक्षता पुसत होता. फोटोसाठी सगळे बोलवत होते. त्याने उजव्या हाताने किल्ली उजवीकडे फिरवली. रॅम खाली आला. डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली.

चौकशीत सर्जेराव एकच सांगत होता. "जाळीत हात आसला तर प्रेस हलत न्हाई, आसं मॅडमनी सांगितलं हुतं." मी तसं सांगितलं होतं, आणि ते मला खरं वाटत होतं. मला जाळी तपासायला सांगितली. मी यंत्र बंद करून चालू केलं, जाळीत काठी घातली, प्रेस थांबली. दहा वेळा थांबली. मग त्याची हत्यारांची पेटी उघडली. जुन्या ऑपरेटरांपाशी जाळी आंधळी करायची एक चोरकिल्ली असायची, ती त्याच्याही पेटीत निघाली. तिला गंज चढला होता, पण गंजाची साक्ष कोण घेतो? अहवालात आलं, कामगाराने जाळी बंद केली आणि घाई केली. पूजेच्या अवस्थेबद्दल मला कुणी विचारलं नाही. टेंबे सर म्हणाले, "तो विषय काढू नका," आणि मी काढला नाही. अहवालावर सही केली. त्याच संध्याकाळी मी पूजेची अवस्था नसलेलं नवं कार्ड बसवलं आणि जुनं शिपायाला फेकायला दिलं. सर्जेराव गेटवर रखवालदार झाला आणि त्याच्या नावाची म्हण झाली.

आता पडद्यावर सगळं दिसत होतं. किल्ली फिरली तेव्हा यंत्राने जाळीकडे बघितलंच नाही. चांदणीने त्याला आदल्या संध्याकाळची जाळी आठवून दिली, मोकळी. खाली येणारा रॅमही आठवून दिला. हात आधीपासूनच आत होता, त्यामुळे 'हात आला' असा नवा इशाराही झाला नाही. मी तपासताना मात्र यंत्र बंद करून चालू केलं होतं, तेव्हा त्याला कालचं काहीच आठवत नव्हतं. म्हणून दहाही वेळा ते शहाण्यासारखं वागलं.

मी हे सगळं तन्वीला सांगितलं.

"मॅडम, हे कार्ड कुठल्याच यंत्रात नाही," ती म्हणाली. "फळीवरची देवाची वस्तू म्हणून मी ते यादीतून वगळू शकते. तुमचं पुस्तक, तुमचं नाव... तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, दोन दिवस दे. खोटं कशाला बोलू, ते दोन दिवस मी वगळायचीच कारणं शोधली. टेंबे सर गेले, मालकांच्या आई गेल्या, आता उकरून कुणाचं भलं होणार, वगैरे. कारणं भरपूर सापडली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पर्समध्ये खडू टाकला आणि कवलापूरची एसटी पकडली.

सर्जेराव अंगणात झेंडूच्या ढिगापाशी बसला होता. निवृत्तीनंतर त्याने अर्ध्या एकरात झेंडू लावला होता, आणि नवरात्र तोंडावर आलं होतं. उजव्या हातात लांब सुई. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत एकेक फूल धरून तो ओवत होता, सवयीने, भराभर.

"मॅडम? बसा की. म्हाताऱ्या झालासा."

"तुम्ही तरी कुठं तरुण राहिलात, सर्जेराव?"

चहा आला. चांगला होता. मी फार लांबण लावली असती तर पुन्हा एसटीतच बसले असते, म्हणून कप ठेवला आणि फरशीवर खडूने चौकोन काढायला लागले. तो पुढे वाकला.

"खोल्या," तो म्हणाला, आणि इतका खूश झाला की माझा हात थांबला.

मी पट्टे पाडले, बाण काढले, पूजेचा चौकोन काढला, गोल काढला, त्यात चांदणी काढली. सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. टेंबे सरांचं बोलणंही, माझी सहीही. तो ऐकत होता आणि फुलं ओवत होता. मग ओवणं थांबलं.

"म्हंजे त्येला आदल्या सांजची जाळी याद हुती," तो सावकाश म्हणाला. "माजा हात त्येला दिसलाच न्हाई."

"नाही दिसला."

"आनी ती चांदनी कुनी काडली?"

"मी."

"कशापायी?"

"तुमचा अर्धा तास वाचावा म्हणून."

"अर्दा तास," तो म्हणाला. त्याने सुई फुलात खुपसून ठेवली आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "सुशीला, भायेर ये. मॅडम काय सांगत्यात आईक."

सुशीलाबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"मला सांगितलंसा तसं हिला सांगा," सर्जेराव म्हणाला. "खोल्याबिल्या ऱ्हाऊ द्या. किल्लीचं आदी सांगा."

मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "यांनी चोरकिल्ली लावली नव्हती. जाळी चालू होती. चूक माझी होती."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "किल्ली लावली हुती का, म्हून म्या एकदाच इचारलं हुतं," त्या म्हणाल्या.

"एकदा लई झालं," तो म्हणाला. रागाने नाही. चौतीस वर्षं जवळ ठेवलेली गोष्ट खाली ठेवावी तसा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, मीबी सोताला इचारायचो. लावली आसंल का किल्ली? आपल्याला याद नसंल. समदी म्हंत्यात तर आसंल. शेवटाला मला खरंच वाटाय लागलं, की लावली हुती."

मला रडू आलं. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्याने तो करंगळी-अंगठ्याचा हात हलवून मला थांबवलं.

"माफी मला नगं. माझ्या नावाची म्हन हितं कवलापुरात न्हाई, ती तितं हाय. नवमीला या आनी तितं सांगा."

मी तन्वीला फोन करून कार्ड यादीत घालायला सांगितलं. नकाशाखाली माझं नाव लिहायला सांगितलं.

खंडेनवमीला मी गेले. शेड ओळखू येत नव्हती, निम्म्या प्रेसवर यंत्रहात होते, उरलेल्यांवर माणसं, त्यांत बायकाच जास्त. सर्जेराव धुतलेलं धोतर आणि फेटा घालून आला होता, हारांच्या दोन टोपल्या घेऊन. पूजा आता यंत्र बंद करूनच होते. त्याने आपल्या जुन्या प्रेसच्या खांबाला स्वतः माळ बांधली. गाठ मारायला त्याला वेळ लागला, पण कुणाला हात लावू दिला नाही.

आरतीनंतर मी फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले. चौकोन काढले, चांदणी काढली, आणि चाळीस माणसांसमोर सांगितलं. सर्जेरावांनी जाळी बंद केली नव्हती, घाई केली नव्हती. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. यंत्राला कालचं आठवलं आणि आजचं दिसलं नाही, ते मी त्याला तसं शिकवलं होतं म्हणून. नंतर मला शंका घ्यायला जागा होती आणि मी घेतली नाही. सही माझी आहे.

मग एका बाईने विचारलं, चांदणी काढलीच नसती तर? मी म्हटलं, अर्धा तास गेला असता.

जुना फोरमन खाकरून म्हणाला, "मग ही म्हन आजपास्नं बंद करूया. वंगाळ झालं."

"बंद नगा करू," सर्जेराव म्हणाला. "म्हन चांगली हाय. त्येनं कितीकांचे हात वाचल्यात. फकस्त नाव बदला." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. विचारल्यासारखं.

"माझं घाला," मी म्हटलं.

लोक हसले, प्रसाद वाटला गेला, मी फरशीवरून उठायला कुणाचा तरी हात शोधत होते. सर्जेरावाने त्याचा डावा पुढे केला. मी तो धरला. जिथे बोटं असायला हवी होती तिथे माझी बोटं गेली आणि मी क्षणभर उठायचीच विसरले.

दुपारी दोनची पाळी सुरू झाली. आम्ही दोघं गेटकडे चाललो होतो. मागे तिसऱ्या प्रेसवर कुणीतरी साच्यातलं राहिलेलं फूल काढायला वाकलं असावं, कारण शेजारणीचा आवाज शेडभर घुमला.

"ए, मेहेंदळे होऊ नको. आधी बघ."

सर्जेराव चालता चालता थांबला. फेटा सारखा केला आणि पुढे निघाला. मीही निघाले.